कूलर बंद असताना

प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा कूलरचा पंखा फिरत होता, पण पाणी गळण्याचा आवाज नव्हता. खिडकीतून गरम, कोरडी हवा आत येत होती आणि कूलरच्या तिन्ही बाजूंच्या, भुसा भरलेल्या ताट्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. मुग्धानं तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला, चष्मा पुसला आणि टेबलाला टेकून नुसतीच उभी राहिली. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरचा आवाज कोणी ऐकत नाही. तो थांबला म्हणजे मात्र घरातलं कोणी उठून गेल्यासारखं वाटतं. "पंप जळाला, मॅडम," सुशील दारातून म्हणाला. सुशील रसायनशास्त्र विभागाचा परिचर. मुग्धा या कॉलेजात शिकवायला लागली त्याच वर्षी तोही लागला होता, आणि दोघांचे केस बरोबरच पिकले होते. "सकाळी आलो तं वास येऊन राहिला होता. बर्डीवर बाजारात जाऊन नवा घेऊन येतो. तोवर तुमी हेड सरच्या खोलीत बसा ना, तिथं एसी आहे." "हेड सरांच्या खोलीत माझं मशीन आहे का?" ती म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. अलीकडे हे असंच व्हायचं. साधं वाक्य साधेपणानं बोलायलाही थोडी शक्ती लागते, हे तिला पंचेचाळिशीनंतर कळलं होतं. सुशीलनं मनावर घेतलं नाही. डोक्यावर ओला रुमाल टाकून तो निघून गेला.

आज शुक्रवार. सोमवारी कामिनीची तोंडी परीक्षा होती. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, ज्याला यायचं त्यानं येऊन बसावं, आणि अलीकडे तिला लग्नाचंच रूप आलेलं आहे. उमेदवाराच्या घरचे लोक गाड्या करून येतात, हॉलबाहेर जेवणाची टेबलं लागतात, परीक्षकांनी 'डॉक्टर' हा शब्द उच्चारला की टाळ्या पडतात आणि मार्गदर्शकाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ येतो. मुग्धा ही कामिनीची मार्गदर्शक. कामिनीचे वडील रुपराव गेल्या आठवड्यात काटोलकडच्या आपल्या गावाहून खास हॉल बघायला आले होते. पांढरी पँट, पांढरा सदरा, उन्हानं रापलेला चेहरा. हॉलच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि मुग्धानं 'राहू द्या' म्हटलं तरी पुन्हा घातल्या नाहीत. "मॅडम, दोन गाड्या आनल्या तं चालन ना? पोरीची माय म्हनते का शेजारचेबी येतो म्हनून राहिले." "आणा की." "अन् आमाले त्यातलं समजलं नाई तं?" "कोणालाच समजत नाही, रुपरावजी. सगळे मान हलवत बसतात." ते मोकळेपणी हसले होते. मग हॉलच्या मागच्या रांगेत जाऊन एका खुर्चीवर बसून त्यांनी पाहिलं, तिथून स्टेज दिसतं की नाही. कामिनीची आई सुभद्रा हिनं मुग्धासाठी साडी घेऊन ठेवली आहे, हेही त्यांनी जाता जाता फोडून टाकलं होतं.

बाहेरगावाहून येणारे परीक्षक काल फोनवर सहज म्हणाले होते, प्रबंध उत्तम आहे, परीक्षेच्या वेळी एखादं ताजं रीडिंग दाखवता आलं तर शोभा वाढेल. म्हणून मुग्धा स्वतःच आज सकाळी मोजायला बसणार होती. कामिनी छपाईच्या मागे होती. आणि खरं सांगायचं तर मुग्धाला पुष्कळ दिवसांत स्वतःच्या हातानं काही मोजलं नव्हतं याची थोडी लाज वाटत होती. समित्या, हजेऱ्या, मूल्यांकनाची येणारी-जाणारी मंडळी यांच्यातून उरलेल्या वेळात ती कामिनीच्या आकड्यांवर नजर टाकायची आणि 'छान' म्हणायची. छान होतेच ते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो पडदा तिनं चिमट्यानं उचलून उजेडात धरला. दुधावरच्या सायीएवढा पातळ, किंचित पिवळसर. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या गोष्टी पेपरात येतात, त्या सगळ्या गोष्टींच्या मध्यभागी असा एक पडदा असतो. एका बाजूनं हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा. हायड्रोजन फुटला की त्याच्यातल्या प्रोटॉनला पडद्यानं आतून जाऊ द्यायचं आणि इलेक्ट्रॉनला अडवायचं. अडवलेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून लांबचा फेरा घेऊन पलीकडे जातो आणि त्याच्या त्या फेऱ्यावर आपण दिवे लावतो, गाड्या चालवतो. पलीकडे दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि पाणी होतं. वर्गात हे सांगताना एके काळी मुग्धाच्या अंगावर काटा यायचा. अडचण एकच होती. प्रोटॉन कोरड्या पडद्यातून चालत नाही. त्याला पाण्याचा हात धरून जावं लागतं, म्हणून पडदा सतत ओला ठेवावा लागतो, आणि तो ओला ठेवण्याच्या खटाटोपात सगळं यंत्र महाग आणि नाजूक होऊन बसतं. कोरड्या हवेतही चालेल असा पडदा जगभर लोक शोधत होते. नागपुरात, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, पॉलिमरमध्ये एक खास माती मिसळून मुग्धा आणि कामिनीनं तो केला होता. निदान गेली सहा-सात वर्षं त्या दोघींचं तसं म्हणणं होतं.

मोजायची पेटी कामिनीनं आणि सुशीलनं मिळून बनवलेली होती. विकतची पेटी घ्यायची म्हणजे मंजुरी, मंजुरी म्हणजे वर्ष. काचेचं झाकण, झाकणाखाली रबराची रिंग, तळाशी हवा कोरडी करणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे, दाण्यांशेजारी आर्द्रता दाखवणारं लहानसं मीटर, आणि वर झाकणालगत चार तारांमध्ये पकडलेला पडदा. मुग्धानं पडदा लावला, झाकणाचे स्क्रू आवळले, मशीन सुरू केलं. मीटरनं हवा कोरडी असल्याचं सांगितलं. प्रोटॉन पडद्यातून किती सहज जातो ते सांगणारा पहिला आकडा प्रबंधातल्या आकड्याच्या जवळपास होता. ती पेपर तपासत बसली, घामानं मनगट कागदाला चिकटत होतं, मग घामही येईनासा झाला, नुसती त्वचा ताणायला लागली. पुन्हा पाहिलं तेव्हा आकडा उतरला होता. तार सैल असेल. तिनं तारा पाहिल्या, नव्यानं आवळल्या. आकडा आणखी उतरला. तिनं दुसरा पडदा लावला, मग तिसरा, कामिनीनं नीट नावं घालून ठेवलेल्या पाकिटांतून काढून. सगळे उतरत होते, एकामागोमाग. दशांशचिन्हापुढे एक शून्य आलं, दुपारपर्यंत दुसरं आलं. खोली तापत चालली होती. गरम झाल्यावर आकडा वाढायला हवा होता. तिच्या स्वतःच्या प्रबंधापासून आजपर्यंत प्रत्येक आलेखात तो वाढत आला होता. तिनं रुमाल नाकाला लावला. रक्त नव्हतं, नुसतंच नाक कोरडं पडून दुखत होतं.

आणि मग तिनं रबराच्या रिंगवरून बोट फिरवलं. रबर कडक झालं होतं, औषधाच्या बाटलीच्या झाकणासारखं, आणि त्याच्यावर बारीक बारीक भेगा होत्या. बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात पडल्या असाव्यात. पेटी बंद नव्हतीच. खोलीतली हवा वरून आत येत होती आणि पडद्याला भेटत होती, आणि मीटर खाली निळ्या दाण्यांच्या कुशीत बसून सगळं कोरडं आहे असं सांगत होतं. मुग्धा स्टुलावर बसली. कूलरचा पंखा आपला फिरतच होता.

होळी झाली की कूलर उतरवायचे, रंग मारायचा, नव्या ताट्या बसवायच्या, हे तिच्या लहानपणी बाबांचं काम असायचं. बाबा ए.जी. ऑफिसात कारकून, ऑफिसातल्या फायलींइतक्याच गंभीरपणे ते कूलरकडे बघायचे. संध्याकाळी पाण्याचा पाइप धरून उभे राहायचे आणि ओल्या ताटीतून आलेली पहिली झुळूक घरात शिरली की आईला म्हणायचे, बघ, महाबळेश्वर. आई महाबळेश्वरला कधीच गेली नाही. रात्रभर ती ओल हवेत असायची, चादरी दमट, पापड सादळलेले, वहीचं पान उलटताना मऊ लागायचं. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो हे भूगोलात लिहायचं आणि राहायचं त्या ओलीत. इतकी साधी गोष्ट. उन्हाळाभर या खोलीत कूलर चालायचा आणि आकडे छान यायचे. पावसाळ्यात हवाच ओली, आकडे छान. हिवाळ्यात कूलर माळ्यावर जायचा आणि आकडे पडायचे. "मॅडम, जानेवारीचे नंबर पडून राहिले," कामिनी म्हणाली होती, पहिल्याच वर्षी, स्वेटरच्या बाह्या हातावर ओढत. "थंडी आहे गं," मुग्धा म्हणाली होती, "थंडीत पडतातच." आणि पुस्तकात तसं होतंच. त्याच्यावर कामिनीनं एक पूर्ण प्रकरण लिहिलं, तापमानाचा परिणाम, सुंदर आलेख, ऋतूंप्रमाणे वर-खाली जाणारा. त्या आलेखात सगळं होतं, फक्त कूलर नव्हता. कूलर बंद ठेवून उन्हाळ्यात कोण मोजणार? वीज गेली तर कूलरही बंद आणि मशीनही बंद. दोन्ही बरोबर चालू व्हायची, बरोबर थांबायची. एकटा पंप जळायला सहा-सात वर्षं लागली.

चेन्नईच्या परिषदेत एका म्हाताऱ्या, सभ्य शास्त्रज्ञानं तिला विचारलं होतं, हवा खरोखर कोरडी आहे याची तुम्हाला खात्री आहे का. समुद्रकाठचं शहर, हॉलमध्येसुद्धा चिकचिक. मुग्धा म्हणाली होती, "सर, एकदा मे महिन्यात नागपूरला या. कोरडं म्हणजे काय ते मी तुम्हाला दाखवते." हॉल हसला, तोही हसला, अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. संध्याकाळी जेवताना दोन-तीन जणांनी तिला त्या उत्तराबद्दल शाबासकी दिली. त्या हसण्याचा आवाज आता तिच्या कानात स्पष्ट आला आणि तिला इतकी शरम वाटली की खोलीत एकटी असूनही तिनं चेहरा दुपट्ट्यात झाकून घेतला. खोटं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. तिचा आपल्या गावाच्या कोरडेपणावर विश्वास होता, इतकंच.

फोन वाजला. बाबा होते. "मुग्धा, कूलरमध्ये पाणी भरलं मी. बादलीनं नाही, पाइपनंच भरलं, तेव्हा ओरडू नकोस." ऐंशी उलटलेल्या माणसानं वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आणि रोज दुपारी हे संभाषण व्हायचं. "बरं," ती म्हणाली. "आवाज काहून असा येऊन राहिला?" "ऊन आहे, बाबा." "पन्हं करून ठेवलंय, आलीस की घे. आणि सोमवारचं ते झालं की दोन दिवस सुट्टी काढ. दमलीस तू." तिला वाटलं, सांगावं. पण सांगायचं म्हणजे प्रोटॉनपासून सांगावं लागेल, आणि बाबा सगळं नीट ऐकून घेऊन शेवटी विचारतील, मग आता तुझं काय होणार? त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर फार मोठं होतं. छापून आलेला शोधनिबंध परत घ्यायचा, विद्यापीठाला कळवायचं, प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांना कळवायचं, हेड सरांच्या एसी खोलीत उभं राहून सगळं पहिल्यापासून समजावायचं. "झोपा आता थोडं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला रडू आलं नाही. तिला झोप आली, खरीखुरी, पापण्या मिटणारी झोप, आणि टेबलावर हात ठेवून त्यावर डोकं टेकवावं आणि कोणी तरी येऊन सोमवार झाला आहे असं सांगावं, असं तिला मनापासून वाटलं.

सुशील पंप घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "आज नको लावू." "काहून? मरून जाऊ ना मॅडम आपन," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण तो पंपाचं खोकं हातात धरून तसाच उभा राहिला. मग तिलाच वाटलं, पाहायला तर हवं. "बरं, लाव." त्यानं पंप बसवला, टाकीत पाणी सोडलं, ताट्या भिजल्या, लाकडाच्या ओल्या भुशाचा वास खोलीभर पसरला. गार वारा तिच्या मानेवर आला आणि शरीराला बरं वाटलं. शरीराला काही कळत नाही. तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळानं आकडा चढायला लागला. सावकाश, आज्ञाधारकपणे, प्रबंधात लिहिला होता तिथपर्यंत तो चढला आणि तिथे थांबला. इतकी वर्षं या आकड्यावर तिचा जीव होता. आज तो दिसला आणि तिला त्याचा राग आला.

आता नवा पंप होता. सोमवारी कूलर चालू असेल, परीक्षकांसमोर पेटी ठेवली तर आकडा छान येईल. रुपराव मागच्या रांगेतून बघतील, सुभद्राबाई टाळ्या कधी वाजवायच्या ते शेजारणीकडे पाहून ठरवतील, शाल येईल, साडी येईल. कामिनीला बुटीबोरीच्या एका कंपनीत संशोधन विभागात नोकरी ठरल्यासारखी होती, पदवी हातात आली की रुजू व्हायचं. ती पोरगी तीस उलटून गेली होती. काटोलच्या बसमधून डबा घेऊन येणारी, पहिले दोन महिने मुग्धासमोर खुर्चीत न बसणारी, मग हळूहळू बसायला लागलेली, मग भांडायलाही लागलेली. घरी लग्नाचा विषय निघाला की 'आधी डॉक्टर होऊ द्या' म्हणून तिनं तो परत पाठवला होता, एकदा नव्हे, पुष्कळदा. तिच्या लहान भावाचं लग्न होऊन त्याला मूल झालं. आणि मुग्धा तिला काय सांगणार होती? की तू मोजलेलं सगळं बरोबर आहे, फक्त ते ज्याचं म्हणून मोजलंस त्याचं नाही. कोणाला कळणार होतं? चुकीच्या आकड्यांवर उभ्या असलेल्या पदव्या या एकाच इमारतीत कमी नसतील. त्यांच्यावर लोकांनी घरं बांधली, मुलं शिकवली. मंगळवारी गप्पपणे नवी रिंग आणावी, पुन्हा मोजावं, मग काय ते बघावं. हा विचार वाईट आहे असं मुग्धाला वाटलं नाही. तो तिला आरामाचा वाटला आणि ती त्यात बराच वेळ बसून राहिली.

उन्हं खिडकीच्या गजांवरून उतरायला लागली तेव्हा कामिनी आली. चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडत, हातातल्या कागदांची चळत सांभाळत. "छपाईवाल्यानं रडवलं, मॅडम. रंगीत पानं उलटी लावून राहिला होता. आणि आईचा फोन, मोतीचूर का बालूशाही. मी म्हटलं, मले विचारू नका, मले फक्त प्रोटॉन विचारा." ती हसली. कूलरसमोर उभी राहून तिनं ओढणीनं मान पुसली. "वा. नवा पंप? रीडिंग घेतलं?" "घेतलं," मुग्धा म्हणाली. "बस." कामिनी बसली. मुग्धा उठली, कूलरपाशी गेली आणि तिनं पंपाचं बटण बंद केलं. पंखा तसाच ठेवला. "काहून बंद केला?" "बस नुसती. आकड्याकडे बघ." दोघी बसल्या. ताट्यांतून पाणी गळायचं थांबलं, मग थेंब थांबले, मग वास उडाला. दार सताड उघडं होतं, कॉरिडॉरमधून झळा येत होत्या. सुट्ट्या लागलेल्या कॉलेजात कुठे तरी एकच दार वाऱ्यानं आपटत होतं. कामिनीनं आधी आकड्याकडे सहज पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. एकदा तिनं तार तपासायला हात पुढे केला आणि मुग्धानं मानेनंच नको म्हटलं. मग तिनं कूलरकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, उठून रिंगवर बोट ठेवलं. अगदी त्याच जागी, जिथे मुग्धानं ठेवलं होतं. तिचं बोट तिथेच राहिलं. "जानेवारी," ती म्हणाली. "हो," मुग्धा म्हणाली. "मी म्हटलं होतं तेव्हा." "हो. तू म्हटलं होतंस. मी थंडी म्हटलं."

कामिनी पुन्हा बसली. कागदांची चळत तिनं मांडीवर घेतली, कडा नीट जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. ती ओरडेल, रडेल, अशी मुग्धाची समजूत होती आणि तिनं त्यासाठी मनात दोन-तीन वाक्यं तयार ठेवली होती. विज्ञानात हे होतं. तुझं काम फुकट गेलं नाही. यातूनही एक चांगला निबंध होईल. सगळी वाक्यं खरी होती आणि एकही बोलवत नव्हतं. "तुमाले कधी समजलं?" कामिनीनं विचारलं. "दुपारी." "अन् तुमी मले आजच सांगितलं." "हो." "सोमवार होऊ देऊन मंगळवारी काहून नाई सांगितलं, मॅडम?" तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. "मंगळवारी सांगितलं असतं तं मीच येऊन बसली असती ना पुन्हा. सगळं मोजलं असतं. निबंध परत घ्या म्हटलं असतं तं घेतला असता. चार दिवस. चार दिवस तुमी एकट्यानं ठेवलं असतं तं माह्या बापानं हॉलमध्ये बसून पाहिलं असतं. आता मले माहीत आहे. आता मी सोमवारी उभी राहून कशी बोलू?"

मुग्धाकडे याला उत्तर होतं असं तिला क्षणभर वाटलं. खरेपणा, विज्ञान, जबाबदारी, असे शब्द ती वर्गात वापरायची. पण कामिनीच्या चेहऱ्याकडे बघताना तिला कळलं की दुपारपासून त्यांतला एकही शब्द तिच्या डोक्यात आलेला नव्हता. तिनं सांगितलं होतं ते दमल्यामुळे. ते चार दिवस एकटीनं धरून ठेवायचे, घरी बाबांसमोर जेवायचं, सोमवारी शाल घ्यायची, हसायचं, याची ताकद तिच्यात नव्हती, आणि हे समजेल अशा समोर आलेल्या पहिल्या माणसाच्या हातात तिनं ते देऊन टाकलं. ते माणूस कामिनी होतं. कदाचित प्रामाणिक लोक पुष्कळदा नुसते दमलेले असतील. "माझ्याच्यानं झालं नाही गं," ती म्हणाली. एवढंच खरं होतं. कामिनीनं मान हलवली. समजलं म्हणून की बस झालं म्हणून, ते कळलं नाही.

टेबलावरचा कामिनीचा फोन थरथरला. फोनवर 'बाबा' असं नाव आलं. कामिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मुग्धानं तो उचलला. "हां कामे, अवं ते आचारी म्हनते का—" "रुपरावजी, मी मुग्धा बोलते. कॉलेजातून." "नमस्कार जी मॅडम," त्यांचा आवाज लगेच सरळ बसला. "पोरगी कुठी गेली?" "इथंच आहे. माझ्यासमोर. रुपरावजी, सोमवारी परीक्षा होणार नाही. गाड्या आणू नका." पलीकडे कोणी तरी मोठ्यानं बोलत होतं, त्याला रुपरावांनी गप्प केलं. "काहून जी?" "आमच्या मोजण्यात चूक निघाली. आमचा पडदा कोरड्या हवेत चालतो असं आम्ही लिहिलं होतं. तो ओलीवर चालत होता. कामिनीनं नीट मोजलं, तिला पहिल्या वर्षी शंकाही आली होती. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." बोलताना तिला जाणवलं की सगळ्यात कठीण असेल असं वाटलेलं हे वाक्य सहज बाहेर आलं. "म्हंजे नापास झाली का ते?" "नाही. परीक्षाच झाली नाही. सगळं पुन्हा करावं लागेल." "किती दिस लागन?" "मला सांगता येत नाही. दिवसांत नाही होणार. पुढचा उन्हाळाही जाईल." पलीकडे एक दार लोटल्याचा आवाज आला. मग रुपराव म्हणाले, "रडून राहिली का?" "नाही." "रडन मंग. तिले बसवर नका बसवू आज. मी येतो घ्याले. एक गाडी ठरवेल आहेच." "बरं." "मॅडम." "हं." "तुमाले घ्याले कोन येते?"

त्यांनी ते इतक्या साधेपणानं विचारलं की मुग्धाला आधी प्रश्न आपल्याला आहे हेच कळलं नाही. स्कूटी आहे, असं सांगायचं होतं. रोजचाच रस्ता, आपला आपण. तिनं तोंड उघडलं आणि आवाज निघेना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, कामिनीसमोर, फोन कानाला लावलेला असताना, आणि ते थांबवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. "हॅलो," रुपराव म्हणत होते, "हॅलो, मॅडम?" कामिनी उठली. तिनं मांडीवरचे कागद टेबलावर ठेवले, मुग्धाच्या हातातून फोन काढून घेतला. "बाबा, तुमी सरळ मॅडमच्या घरी या," ती म्हणाली. "मी त्याईले घरी सोडून देते आणि तिथंच थांबते." हे तिनं मुग्धाकडे न पाहता सांगितलं, आणि मग मशीन बंद करायला वाकली.